काट्याला हात लावण्याआधी

“केबल बदलून टाकू साहेब, मीटर एकदम बरोबर दाखवेल.”

जुन्या गाडीचा स्पीडोमीटर चुकतो अशी तक्रार घेऊन गॅरेजात गेले की बहुतेक वेळा हे वाक्य कानावर पडते. मिस्त्री मनापासून सांगत असतो. केबल स्वस्त असते, अर्ध्या तासात बदलून होते, आणि जुनी केबल बाहेर ओढली की ती इतकी काळी, कोरडी आणि उसवलेली निघते की सगळा दोष हिचाच, असे आपल्यालाही वाटते. माझ्या प्रीमियर पद्मिनीला मीही नवी केबल घातली. काट्याची थरथर थांबली. पण फोनवरचा जीपीएस ७२ दाखवत असताना काटा पूर्वीसारखाच ८० वर उभा राहिला. फरक एवढाच की आता तो न थरथरता चुकत होता.

केबल म्हणजे एका टोकाला दिलेला पीळ दुसऱ्या टोकाला पोचवणारी तार. गिअरबॉक्सकडच्या टोकाला तिला १००० फेरे दिले तर मीटरकडे १००० फेरेच पोचणार. ९९० नाही आणि १०१० नाही. ती अडखळेल, झटके देईल, एक दिवस तुटेलही, पण फेऱ्यांची संख्या बदलणे तिच्या हातात नाही. म्हणून काटा थरथरत असेल तर केबल पाहावी. काटा स्थिर राहून चुकीचा आकडा दाखवत असेल तर केबलचा नाद सोडावा. मग दोष कुठे आहे हे ठरवण्याची एक खात्रीची रीत आहे आणि तिच्यासाठी मीटर उघडावाही लागत नाही. ती समजायला मात्र मीटरच्या पोटात काय आहे हे आधी पाहायला हवे.

एका काचेमागे दोन यंत्रे

स्पीडोमीटरच्या काचेमागे दोन वेगळी यंत्रे शेजारी बसलेली असतात आणि दोघांना फिरवणारी केबल एकच असते. पहिले यंत्र म्हणजे किलोमीटरचे आकडे सरकवणारा ओडोमीटर. हा निव्वळ दात्यांचा कारभार. केबलचे ठरावीक फेरे झाले की शेवटचा आकडा एक घर पुढे जातो. गाडी हळू चालली की जोरात, ऊन आहे की थंडी, मीटर नवा की पन्नास वर्षांचा, याने त्या मोजणीत काहीच फरक पडत नाही. दाते झिजले तर तो अडकतो, थांबतो. चालू आहे तोवर मोजतो ते बरोबरच मोजतो.

दुसरे यंत्र काट्याचे. ते मोजत नाही, जोखते. केबलच्या टोकाला एक लोहचुंबक बसवलेला असतो आणि तो गरगर फिरतो. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते. चुंबक आणि वाटी यांचा एकमेकांना स्पर्श होत नाही. मधे हवेची फट असते. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही हे आपण शाळेत शिकलो. तरीही चुंबक फिरू लागला की वाटीत विजेचे प्रवाह उमटतात, नदीतल्या भोवऱ्यांसारखे गोल गोल, आणि ते प्रवाह वाटीला चुंबकामागे ओढू लागतात. वाटीच्या आसावर काटा आणि त्याच आसावर केसासारखी बारीक स्प्रिंग. वाटी पुढे ओढली जाते, स्प्रिंग तिला मागे खेचते, आणि दोन्ही जोर जिथे सारखे होतात तिथे काटा थांबतो. वेग दुप्पट झाला तर ओढ दुप्पट, स्प्रिंगचा पीळ दुप्पट. म्हणूनच या जातीच्या मीटरवर वेगाच्या रेघा सारख्या अंतरावर आखता येतात.

या ओढीचा शोध गाडीपेक्षा खूप जुना आहे. १८२४ मध्ये फ्रान्समध्ये फ्रान्स्वा अरागो यांना दिसले की तांब्याची तबकडी फिरवली तर तिच्यावर टांगलेली चुंबकाची सुई तिच्यामागे फिरू लागते. असे का होते ते १८३१ मध्ये मायकेल फॅरडे यांनी उलगडले. पुढे सत्तर वर्षांनी, ७ ऑक्टोबर १९०२ रोजी, स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झे यांनी याच तत्त्वावरच्या वेगमापकाचे पेटंट बर्लिनमध्ये नोंदवले. वेळही तशीच होती. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कायद्याने ताशी २० मैलांची मर्यादा घातली आणि आपण किती वेगाने चाललो आहोत हे चालकाला कळणे ही कायद्याची गरज झाली. आपल्या घरातल्या विजेच्या जुन्या मीटरमध्ये काचेआड फिरणारी चंदेरी चकती आठवते? तिला आवरून धरणारा चुंबक याच भोवऱ्यांच्या जोरावर काम करायचा.

(एक वेगळी जातही होती, तिचा उल्लेख करायलाच हवा. जुन्या ट्रायम्फ, बीएसए मोटरसायकलींवर आणि एमजीच्या टी-मालिकेतल्या गाड्यांवर क्रोनोमेट्रिक मीटर असायचे. त्यात घड्याळासारखी टिकटिक करणारी यंत्रणा ठरावीक क्षणभर केबलचे फेरे मोजते आणि काटा टप्प्याटप्प्याने उडी मारत पुढे जातो. तसा मीटर तुमच्याकडे असेल तर त्या उड्या म्हणजे बिघाड नाही. त्याला घड्याळजीचाच हात लागतो. पुढची चुंबकाची चर्चा त्याला लागू नाही.)

चुंबकाच्या मीटरमध्ये मला सर्वांत सुंदर वाटते ती एक न दिसणारी पट्टी. ॲल्युमिनियम तापले की त्याचा विजेला होणारा विरोध वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. विरोध वाढला की भोवरे मंदावतात, ओढ कमी होते, काटा खाली येतो. पुण्यात जानेवारीतल्या पहाटे डॅशबोर्ड १० अंशांवर असतो आणि मे महिन्यात दुपारी उन्हात ठेवलेल्या गाडीत तो सहज ५० अंशांवर जातो. म्हणजे तोच मीटर, तोच वेग आणि काट्यात पंधरा टक्क्यांच्या घरात फरक! हे टाळण्यासाठी चुंबकापाशी निकेल आणि लोखंडाच्या मिश्रधातूची एक चकती किंवा पट्टी बसवतात. थंडीत ती चुंबकाच्या बळाचा काही भाग स्वतःतून वळवून घेते. तापली की तिची ती क्षमता घटते आणि जास्त बळ वाटीकडे जाते. ॲल्युमिनियमने जेवढे गमावले तेवढे पट्टीने भरून दिले, असा हिशेब. ज्याने हा मीटर आखला त्याने आपल्या उन्हाळ्याचाही विचार करून ठेवला होता. मीटर उघडणाऱ्याने ती पट्टी ‘जास्तीची दिसते’ म्हणून काढून ठेवू नये, एवढ्यासाठी हे सविस्तर सांगितले.

आधी आकड्यांना विचारा

आता ती रीत. एक यंत्र मोजते, दुसरे जोखते, आणि दोघांना खबर देणारी केबल एकच. तेव्हा मोजणाऱ्याला आधी विचारावे. ओडोमीटर चुकत असेल तर मीटरकडे येणारी खबरच चुकीची आहे. म्हणजे दोष टायर, ॲक्सल किंवा गिअरबॉक्सच्या बाजूला. ओडोमीटर बरोबर असेल आणि काटा चुकत असेल तर खबर खरी आहे आणि दोष मीटरच्या पोटात, चुंबक, स्प्रिंग किंवा काटा यांत. दोन्ही चुकत असतील आणि टक्केवारी सारखी असेल तर मीटरला हातही लावायचा नाही.

परीक्षेसाठी दहा किलोमीटरचा सपाट रस्ता घ्यावा. जीपीएसवर अंतर पाहावे किंवा रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड धरावेत. एकाच किलोमीटरवर विसंबू नये, कारण रस्ता वळवताना, रुंद करताना एखादा दगड सरकलेला असू शकतो. दहा किलोमीटरांत ती चूक विरून जाते. त्यानंतर काट्याची परीक्षा: ३०, ४०, ६० आणि ८० वर काटा धरून प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस सेकंद वेग एकसारखा ठेवायचा आणि जीपीएसवरचा आकडा लिहायचा. घाटात किंवा वळणावर हे करू नये. आणि आकडे लिहायचे काम शेजारी बसलेल्या माणसाचे आहे. चालवणाऱ्याने फक्त काटा आणि रस्ता पाहायचा.

फोन नसेल तर घड्याळ पुरते. एक किलोमीटरला लागलेल्या सेकंदांनी ३६०० ला भागले की ताशी वेग निघतो: ६० सेकंद लागले तर ६०, ७२ लागले तर ५०, ४५ लागले तर ८०. ब्रिटिश मोटार-मासिकांचे परीक्षक गाडीच्या मागे सायकलसारखे पाचवे चाक बांधून खरा वेग मोजत, कारण गाडीच्या स्वतःच्या मीटरवर त्यांचाही विश्वास नव्हता.

लिहिलेल्या आकड्यांकडे नीट पाहिले तर ते बोलतात. ३०, ४०, ६०, ८० या प्रत्येक वेगाला काटा पाचच किलोमीटर जास्त दाखवत असेल तर काटाच सरकून बसला आहे किंवा स्प्रिंगची बैठक हलली आहे. चूक वेगाबरोबर वाढत असेल, ३० ला २, ६० ला ४, तर ती प्रमाणाची चूक: मग दाते, टायर किंवा चुंबक.

माझ्या पद्मिनीच्या ओडोमीटरने दहा किलोमीटरांचे १०.६ मोजले. म्हणजे काट्याच्या चुकीतला निम्म्याहून अधिक भाग मीटरमध्ये नव्हताच.

पार्किंगमधले वीस मीटर

ओडोमीटर चुकतो हे कळले की केबल प्रत्यक्षात किती फिरते ते मोजायचे. हे काम घरी करता येते आणि ते करून पाहण्यासारखे आहे. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका रविवारी सकाळी आम्ही ते केले. टायरमध्ये पंपावरून मोजून हवा भरली. डॅशबोर्डमागे हात घालून केबलची खाचदार टोपी सोडवली आणि केबल मीटरपासून मोकळी केली. आतल्या तारेचे चौकोनी टोक बाहेर डोकावत होते. पुठ्ठ्याचा बाण कापून, मधे भोक पाडून त्या टोकावर घट्ट बसवला आणि केबलच्या बाहेरच्या वेटोळ्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. बाण ठिपक्यापाशी आला की एक फेरा.

गिअर न्यूट्रल. एक जण स्टिअरिंगवर, पाय ब्रेकजवळ. दोघे मागून ढकलायला. आधी गाडी मीटरभर पुढे घेतली, कारण दात्यांमध्ये आणि तारेच्या पिळात थोडी ढिलाई असते. ती खाऊन झाल्याशिवाय मोजणी सुरू केली तर पहिला पाव फेरा बुडतो. मग पुढच्या चाकाखाली खडूची रेघ, तिथून टेपने मोजलेले बरोबर २० मीटर आणि तिथे दुसरी रेघ. गाडी सरळ ढकलायची, वळवायची नाही, मागे घ्यायची नाही. शेजारच्या दहा वर्षांच्या मुलाने बाणाचे फेरे मोठ्याने मोजले. शेवटचा फेरा अर्धवट राहिला तर तो अष्टमांशापर्यंत अंदाजाने लिहावा. आलेल्या संख्येला ५० ने गुणले की किलोमीटरला केबलचे किती फेरे होतात ते कळले. समजा २० मीटरला सव्वाएकवीस फेरे झाले, तर किलोमीटरला १०६२. मीटर १००० फेऱ्यांसाठी बनवलेला असेल तर तो सव्वासहा टक्के जास्त मोजणार.

मीटर किती फेऱ्यांसाठी बनला हे पुष्कळदा डायलवरच छापलेले असते. ब्रिटिश गाड्यांतल्या स्मिथ्स कंपनीच्या मीटरवर खालच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत, १०००, १२८० किंवा १४७२ असा आकडा दिसतो. तो मीटरचा अनुक्रमांक नव्हे, मैलाला केबलचे किती फेरे ते सांगणारा आकडा आहे. जर्मन मीटरवर ‘डब्ल्यू’ अक्षरापुढे तोच अर्थ किलोमीटरच्या हिशेबात असतो. आकडा पुसला असेल तर ड्रिल मशीनने केबलच्या जागी फेरे देऊन ओडोमीटर एक घर सरकायला किती लागतात ते मोजावे.

गाडी ढकलायला जागा नसेल त्यांच्यासाठी स्मिथ्सवाल्यांचे जुने सूत्र आहे: मागची दोन्ही चाके सहा फेरे फिरतील एवढी गाडी सरकवा, केबलचे फेरे मोजा, त्यांना १६८० ने गुणा आणि धुरीच्या मध्यापासून जमिनीपर्यंतच्या इंचांनी भागा, मैलाचे फेरे निघतात. सेंटिमीटर आणि किलोमीटर वापरायचे तर १६८० च्या जागी २६५३ घ्यावे. रेडियल टायरला हे सूत्र किंचित जास्त उत्तर देते, कारण वजनाने टायर खाली चपटा झाला तरी त्याच्या आतला पट्टा आखडत नाही आणि चाक एका फेऱ्यात अपेक्षेपेक्षा थोडे पुढे जाते. म्हणून वीस मीटरची रीत मला जास्त भरवशाची वाटते.

आमची मोजणी ओडोमीटरच्या परीक्षेशी जुळली. केबल सहा टक्के जास्त फिरत होती, आणि तिला जास्त फिरवणारे टायर होते. पद्मिनीचे मूळ टायर ५.२०-१४ या मापाचे, उंच आणि अरुंद. आधीच्या मालकाने त्याच चौदा इंची रिमवर बुटके रेडियल चढवले होते. गाडी त्यावर रुबाबदार दिसायची, पण बुटके चाक किलोमीटरला जास्त फेरे घेते. हा हिशेब कुणालाही टायरच्या कडेवरचे आकडे वाचून करता येतो. तेरा इंची रिमवर १६५/८० टायरचा व्यास सुमारे ५९४ मिलिमीटर; त्याच रिमवर १८५/६० घातला तर ५५२. सात टक्के फरक, आणि मीटरने यात काहीही केलेले नाही. टायर झिजल्यानेही व्यास कमी होतो. नव्याचे आठ मिलिमीटर रबर दीडवर आले की सुमारे दोन टक्के. मुंबईच्या टॅक्सीचा जुना यांत्रिक मीटरसुद्धा केबलवरच चालायचा, म्हणून टायरचा व्यास तिथे थेट प्रवाशाच्या खिशाशी जोडलेला होता.

टायरपेक्षा अवघड गोष्ट ॲक्सलची. ब्रिटनमधल्या मॉरिस मायनरचे उदाहरण घ्या. १९५६ च्या मायनर १०००ला ९४८ सीसीचे इंजिन होते आणि मागच्या क्राउन-पिनियनचे दाते ४१ ला ९. पुढे १०९८ सीसीचे इंजिन आले तेव्हा ते ३८ ला ९ झाले. जुन्या मायनरचे मालक हायवेवर इंजिन निवांत चालावे म्हणून नव्या गाडीचा ॲक्सल जुन्या गाडीला बसवतात. काम चांगले होते. पण मीटरची केबल गिअरबॉक्सच्या शेवटच्या शाफ्टवरून निघते, ॲक्सलच्या अलीकडून. आता तेवढ्याच अंतराला शाफ्ट कमी फिरतो, ४१ च्या जागी ३८. गाडी ताशी ६० मैलांनी धावत असताना जुना मीटर ५५.६ दाखवतो.

ही चूक माझ्या पद्मिनीच्या उलट दिशेची आहे आणि म्हणूनच जास्त गंभीर. जास्त दाखवणारा मीटर चालकाला सावकाश नेतो. कमी दाखवणारा फसवतो. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ३९ क्रमांकाचा नियम नेमके हेच धरून लिहिला आहे: दाखवलेला वेग खऱ्यापेक्षा कधीही कमी असू नये, जास्त असला तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटर एवढाच. खऱ्या ६० ला ६० ते ७० पर्यंत काहीही चालेल, ५९ चालणार नाही. जुनी गाडी दुरुस्त करताना हीच कसोटी लावावी.

दात्यांची चूक दात्यांनीच सुधारते. टायर मूळ मापाचे घालणे हा पहिला आणि स्वस्त उपाय. तो शक्य नसेल तर गिअरबॉक्समधले केबलचे छोटे पिनियन बदलता येते. १७ दात्यांच्या जागी १८ दात्यांचे मिळाले तर केबल साडेपाच टक्के मंदावते. ते मिळाले नाही तर केबलच्या वाटेत बसणारी काडेपेटीएवढी दात्यांची पेटी करून घेता येते. ती करून देणाऱ्याला दोनच आकडे द्यावेत: डायलवरचा आणि पार्किंगमध्ये मोजलेला. वरच्या उदाहरणात १०६२ फेरे आत, १००० बाहेर.

मीटर उघडायचाच असेल तर

ओडोमीटर बरोबर, काटा स्थिर आणि तरीही चुकीचा, असे ठरले तरच मीटर उघडावा. तेव्हाही आधी केबल नीट बसली आहे का ते पाहावे. आतल्या तारेचे टोक वेटोळ्याच्या बाहेर सुमारे दहा मिलिमीटर यायला हवे. ग्रीस खालच्या भागाला लावावे. वरची वीतभर तार पुसून कोरडी ठेवावी. तार मळसूत्रासारखी विणलेली असते आणि फिरताना तेल वर चढवते. ते तेल मीटरमध्ये शिरले की वाटी आणि चुंबक यांच्यामधली फट चिकट होते आणि काटा भलत्याच आकड्यावर जाऊन बसतो. असा मीटर चुकलेला नसतो, घाण झालेला असतो.

टेबलावर परीक्षा करायला ड्रिल मशीन आणि फेरे मोजणारा लेझर टॅकोमीटर लागतो. गणित इथे फार सोपे आहे. ताशी ६० मैल म्हणजे मिनिटाला एक मैल. म्हणून डायलवर १००० छापलेल्या मीटरने मिनिटाला १००० फेऱ्यांना बरोबर ६० दाखवले पाहिजेत, ५०० ला ३० आणि १५०० ला ९०. किलोमीटरच्या मीटरलाही हाच हिशेब. ड्रिल कोणत्या दिशेने फिरवायचा ते केबलवरून आधी पाहून ठेवावे, नाहीतर काटा उलटा जाऊन खुंटीवर आदळतो.

काटा उपटताना सगळ्यात जास्त मीटर मरतात. शून्याजवळच्या खुंटीवर टेकलेला काटा प्रत्यक्षात शून्यावर नसतो. स्प्रिंगने त्याला थोडा मागे ओढून धरलेला असतो. काटा अलगद उचलून खुंटीवरून पलीकडे सोडला तर तो स्वतःहून जिथे स्थिरावतो ती त्याची खरी बैठक. तिथे डायलच्या कडेला पेन्सिलीची खूण करावी आणि मगच काटा काढावा. ही खूण न करता काढलेला काटा परत ‘शून्यावर’ बसवला की सगळ्या वेगांना सारखीच चूक शिरते, आणि मग ती काढायला स्प्रिंग वाकवली जाते, आणि त्या स्प्रिंगला पुन्हा मूळ आकार येत नाही.

काळाबरोबर चुंबक दुबळा होतो आणि काटा प्रमाणात कमी दाखवू लागतो. यावरचा उपाय घरचा नाही. मीटर दुरुस्त करणारे कारागीर चुंबक पुन्हा पूर्ण भारतात आणि मग एसी विजेच्या वेटोळ्याजवळ नेऊन थोडा थोडा उतरवत बरोबर आकड्यावर आणतात. पुण्या-मुंबईत हे काम जाणणारे हात अजून आहेत, पण कमी होत आहेत. माझी पद्मिनी अशा एका काकांकडे नेली तेव्हा त्यांनी माझे आकडे वाचले, परीक्षेचा कागद घडी घालून मला परत दिला आणि म्हणाले, “टायर बदला. मग या.”

टायर बदलले. ओडोमीटर दहाला दहा मोजू लागला. खऱ्या ७२ ला काटा आता साडेपंचाहत्तरच्या आसपास उभा राहतो. कारखान्यातून निघालेले मीटर चालकाच्या भल्यासाठी एवढे जास्त दाखवतातच. काकांकडे पुन्हा जावे लागले नाही आणि पन्नाशीकडे निघालेला तो मीटर आजवर कुणी उघडलेला नाही.

हे जुनेपण जपण्याला आता कायद्यातही जागा आहे. १५ जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी सुरू केली. गाडी मूळ स्वरूपात असावी ही तिची अट. आपल्याकडे मेट्रिक मापे पूर्णपणे सक्तीची झाली ती १९६२ मध्ये, त्यामुळे त्याआधीच्या गाड्यांवर मैलांची डायल दिसते. ती पुसून किलोमीटरची छापून घेऊ नका. ४० म्हणजे ६४, ५० म्हणजे ८०, एवढे दोन आकडे छोट्या चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला लावले की पुरते.

मीटर दुरुस्तीला देताना ओडोमीटरचे रीडिंग तारखेसह बिलावर लिहून घ्या आणि ते मागे फिरवायला कुणालाही सांगू नका. मीटर बदलावाच लागला तर जुना फेकू नका; त्याच्या डायलवरचा लहान आकडा आणि पार्किंगमध्ये मोजलेले केबलचे फेरे एका कागदावर लिहून तो आरसी बुकाच्या पाकिटात ठेवा. गाडी पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला तो कागद लागणार आहे.